आर्क्टिकचा हिवाळा छोट्या बोटीवर: पहिल्या वर्षाची तयारी, पायरी-पायरीने

नॉर्वेतलं ट्रॉम्सो ६९ अंश ३९ मिनिटं उत्तरेला आहे, म्हणजे आर्क्टिक वृत्ताच्याही सुमारे साडेतीनशे किलोमीटर वर. तरीही तिथलं बंदर हिवाळ्यात गोठत नाही, कारण अटलांटिकचा उबदार प्रवाह या किनाऱ्याच्या कडेकडेने वर जातो. जानेवारीचं सरासरी तापमान उणे ४ अंशांच्या आसपास असतं, आणि समुद्राचं पाणी गोठणबिंदूच्या चार-पाच अंश वर राहतं. म्हणून बोटीवर राहून आर्क्टिकचा हिवाळा काढायचाच असेल, तर पहिलं वर्ष इथे, धक्क्याला बांधलेल्या बोटीत काढा. स्वालबार्डच्या (नॉर्वेच्या उत्तरेकडच्या बेटसमूहाच्या) किंवा ग्रीनलंडच्या एखाद्या खाडीत बोट बर्फात गोठू देऊन राहणं हे त्याच्या पुढचं काम आहे. त्याला पोलादी किंवा ॲल्युमिनियमची बोट, महिनोन्महिन्यांचा साठा आणि ध्रुवीय अस्वलांपासून संरक्षणाची तयारी लागते. तो विषय इथे घेतलेला नाही.

पुढची सगळी मापं ९ ते १२ मीटर लांबीच्या, दोन माणसांच्या बोटीसाठी आहेत.

नवीन माणूस सगळी तयारी थंडीची करतो. मोठा हीटर घेतो, जाड रजया घेतो. मग नोव्हेंबरच्या अखेरीस एक दिवस गादी उचलतो, तर ती खालून ओलीचिंब असते आणि कडेने काळे ठिपके धरलेले असतात. बोटीवरचा हिवाळा बिघडवते ती ओल. कोकणात जुलै महिन्यात कपाटातल्या कपड्यांना कुबट वास का येतो हे ज्याला माहीत आहे, त्याला अर्धा विषय आधीच कळलेला आहे. इथे तीच ओल भिंतीवर पाणी होऊन उतरते आणि कोपऱ्यात बर्फ होऊन बसते. खाली जे जे सांगितलं आहे ते करताना एकच प्रश्न मनात ठेवा: या पाण्याला बाहेर जायची वाट कुठे आहे?

१. जागा आणि कागदपत्रं (जून ते ऑगस्ट)

बंदरात हिवाळ्यासाठी बोट ठेवायला जागा मिळणं आणि तिथे बोटीवर राहायची परवानगी मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अनेक बंदरं बोट ठेवून घेतात, पण मुक्काम चालवून घेत नाहीत. परवानगी लेखी घ्या, आणि त्याच पत्रात हेही विचारा: पाण्याचा नळ थंडीत चालू असतो का? वीज किती ॲम्पिअरची, आणि मीटरवर की ठरावीक दराने? जेट्टीवरचा बर्फ कोण काढतं? संडास-बाथरूम हिवाळ्यात उघडी असतात का? जागेला कोणत्या दिशेचा वारा थेट लागतो? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कार्यालयापेक्षा शेजारच्या बोटवाल्याकडून नीट मिळतं.

जवळ ठेवायचे कागद:
- पासपोर्ट आणि राहण्याचा परवाना. भारतीय पासपोर्टवरच्या शेंगेन व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. नोव्हेंबर ते एप्रिल त्यात बसत नाही. शिक्षण, नोकरी किंवा कुटुंबाच्या आधारावरचा परवाना यूडीआय या नॉर्वेच्या परदेशी नागरिक कार्यालयाकडून आधी मिळवावा लागतो.
- बोटीचं नोंदणीपत्र आणि खरेदीची पावती. बोट परदेशी नोंदणीची असेल आणि तुम्ही नॉर्वेत राहायला आला असाल, तर करमाफीचे नियम पाहुण्यासारखे राहतीलच असं नाही. कस्टम्सकडून, म्हणजे टोलएटातेनकडून, लेखी उत्तर घ्या.
- विमा: तिसऱ्या पक्षाच्या नुकसानीचा आणि बुडालेली बोट काढायच्या खर्चाचा. हिवाळ्यात पाण्यात असलेली आणि माणसं राहत असलेली बोट त्या विम्यात धरली आहे, असं स्पष्ट लिहून घ्या. पुष्कळ पॉलिसी फक्त उन्हाळ्यापुरत्या असतात. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.
- बोट चालवण्याचा दाखला. १ जानेवारी १९८० रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना ८ मीटरपेक्षा लांब किंवा २५ अश्वशक्तीपेक्षा जास्त इंजिनाच्या बोटीसाठी तो लागतो.
- व्हीएचएफ रेडिओ (बोटीवरून बोलायचा बिनतारी संच) वापरण्याचं प्रमाणपत्र, आणि गॅसजोडणी असेल तर तिच्या तपासणीचा कागद.

स्वालबार्डला व्हिसा लागत नाही हे खरं आहे. पण तिकडे जायचा रस्ता नॉर्वेच्या मुख्य भूमीवरून जातो आणि स्वालबार्ड शेंगेनच्या बाहेर आहे. म्हणजे दोनदा प्रवेश देणारा शेंगेन व्हिसा लागतोच.

२. बोट पाण्याबाहेर (ऑगस्टअखेर)

हिवाळ्यात बोट वर काढणं जवळपास अशक्य असतं, म्हणून तळाची कामं आधी उरका. तळातला प्रत्येक व्हॉल्व उघडून-बंद करून बघा. जो हाताने फिरत नाही तो बदला. जस्ताचे ॲनोड (बोटीच्या इतर धातूऐवजी स्वतः गंजणारे तुकडे) नवीन लावा. सहा महिने धक्क्याच्या विजेला जोडलेल्या बोटीचे ॲनोड लवकर झिजतात, त्यामुळे गॅल्व्हॅनिक आयसोलेटर (धक्क्याच्या तारेतून येणारा, धातू गंजवणारा प्रवाह अडवणारं उपकरण) नसेल तर याच वेळी बसवा. पाण्याच्या रेषेजवळ कुठली भोकं आहेत ती मोजून कागदावर लिहा: कॉकपिटचे (बोट चालवायच्या उघड्या जागेचे) निचरे, बिल्ज पंपाचं (तळातलं पाणी उपसणाऱ्या पंपाचं) तोंड, धुराड्याचं तोंड. ही यादी पुढे बर्फाच्या वेळी लागेल.

३. भिंतींना घाम का सुटतो, आणि काय करायचं (सप्टेंबर)

दोन माणसांच्या श्वासातून आणि त्वचेतून दिवसाला दीड ते दोन लिटर पाणी हवेत जातं. स्वयंपाक, चहा आणि ओले कपडे यांचं निराळं. केबिन २० अंशांवर असेल आणि आर्द्रता ६० टक्के असेल, तर १२ अंशांपेक्षा थंड असलेल्या प्रत्येक पृष्ठभागावर पाणी जमतं. आर्द्रता ४५ टक्क्यांवर आणली तर ही रेषा ८ अंशांच्या खाली उतरते. बोटीचा पाण्याखालचा भाग ४-५ अंशांचा, वरचा भाग उणे १० चा. म्हणजे उघडी भिंत कशीही ओली होणारच. दोन कामं करायची: भिंत झाकायची आणि हवा कोरडी करायची. एकच करून भागत नाही.

भिंत झाकण्यासाठी बंद पेशींचा फोम वापरा. फायबरग्लासच्या बोटीला १९ ते २५ मिलिमीटर जाडीची नायट्राइल रबराची शीट चालते. पोलादी बोटीला ४०-५० मिलिमीटर फवारलेला पॉलियुरेथेन चांगला. काचलोकर वापरू नका, ती पाणी पिते आणि धरून ठेवते. शीट भिंतीला पूर्ण चिकटली पाहिजे. मागे पोकळी राहिली तर केबिनची दमट हवा तिथे शिरते, गोठते आणि मार्चमध्ये वितळून फळ्यांमागून वाहायला लागते. सांधे टेपने बंद करा. हे काम सप्टेंबरातच का? कारण या गोंदांना साधारण १० अंशांच्या वर तापमान लागतं, आणि त्यांच्या वाफेमुळे झडपा (डेकवरची उघडता येणारी झाकणं) उघड्या ठेवाव्या लागतात. ऑक्टोबरात दोन्ही जमत नाही. पाण्याच्या रेषेपर्यंत फोम लावा. तळाचा भाग, जिथे पाणी साचतं आणि तपासावं लागतं, तो मोकळा ठेवा.

एवढं करूनही ठिबकणार आहे ते धातूवरून. खिडक्यांच्या ॲल्युमिनियम चौकटी, डेकमधून खाली आलेले बोल्ट, पोलादी फासळ्या. प्रत्येक बोल्टच्या टोकावर फोमची छोटी टोपी चिकटवा. खिडक्यांना आतून ४ मिलिमीटरचं ॲक्रिलिक फोमटेपवर बसवा, मधे दोन सेंटिमीटर हवा राहू द्या.

गादीखाली सलग फळी नको. लाकडी पट्ट्या आणि त्यांच्यावर जाळीदार चटई टाका, म्हणजे हवा खेळेल. तरीही रोज सकाळी गादी उभी करायचीच. लॉकरांच्या दारांना वर-खाली ४०-५० मिलिमीटरची भोकं पाडा. कपडे, पुस्तकं, धान्याच्या पिशव्या यांतलं काहीही बोटीच्या भिंतीला टेकता कामा नये.

आता हवा. हे नवख्यांना उलटं वाटतं, पण बाहेर बर्फ पडत असतानाही झडप उघडल्याने केबिन कोरडी होते. उणे १० अंशांची हवा घनमीटरमागे जेमतेम २ ग्रॅम वाफ धरू शकते. केबिनमधल्या २० अंशांच्या हवेत, आर्द्रता ५० टक्के असताना, साडेआठ ग्रॅमच्या वर असते. २५ घनमीटरच्या केबिनची हवा एकदा पूर्ण बदलली की सुमारे दीडशे ग्रॅम पाणी बाहेर गेलं. दोन्ही टोकांच्या झडपा सताड उघडून दहा मिनिटं, दिवसातून निदान तीनदा: उठल्यावर, स्वयंपाकानंतर, झोपण्याआधी. फर्निचर गरम असतं, त्यामुळे ऊब पंधरा मिनिटांत परत येते. झडप दिवसभर बोटभर उघडी ठेवण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं.

डीह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारं यंत्र) घ्यायचा असेल तर डेसिकंट रोटरचा (ओल शोषणाऱ्या फिरत्या चाकाचा) घ्या. कॉम्प्रेसरवाला थंड कोपऱ्यात नीट काम करत नाही. डेसिकंट प्रकार गोठणबिंदूच्या थोड्या वरपर्यंत चालतो आणि वर थोडी ऊबही देतो. क्षाराच्या डब्या रिकाम्या बोटीसाठी ठीक आहेत, राहत्या बोटीला त्या पुरत नाहीत. दोन आर्द्रतामापक लावा, एक टेबलाजवळ आणि एक पलंगाच्या पायथ्याशी. ४० ते ५५ टक्के हे लक्ष्य.

ही अडचण जुनी आहे. जहाजबांधणीकार कॉलिन आर्चरने ध्रुवीय संशोधक नान्सेनसाठी बांधलेलं आणि १८९२ साली पाण्यात उतरवलेलं 'फ्राम' जहाज पाहा. त्याच्या केबिनच्या भिंतींत डांबरी फेल्ट, कॉर्क, रेनडिअरचे केस असे थरावर थर भरले होते, कारण आधीच्या मोहिमांमध्ये माणसांचे बिछाने बर्फाने भरून जात. ते जहाज आज ऑस्लोच्या संग्रहालयात आहे आणि त्याच्या आत फिरता येतं.

४. उष्णता: दोन स्वतंत्र सोयी

एकच हीटर असलेली बोट हिवाळ्याला तयार नाही. एक सोय विजेशिवाय चालणारी हवी, कारण वादळात वीज जाते ती नेमकी सर्वांत थंड रात्री. चांगली जोडी अशी: मुख्य उष्णतेसाठी थेंबाथेंबाने डिझेल घेणारी शेगडी (रेफ्लेक्स, डिकिन्सन या प्रकारची), आणि जोडीला धक्क्याच्या विजेवरचा तेलाचा रेडिएटर किंवा गरम हवा फेकणारा डिझेल हीटर.

थेंबवाल्या शेगडीला वीज लागत नाही, आवाज नसतो, आणि तिचा धूर ओलावा घेऊन चिमणीतून बाहेर जातो. मध्यम आचेवर ती तासाला साधारण ०.२ लिटर डिझेल घेते, म्हणजे दिवसाला पाचेक लिटर. नोव्हेंबर ते एप्रिल या १८० दिवसांना ९०० लिटर. टाकी २०० लिटरची असेल तर चार-पाच वेळा भरावी लागेल हे आत्ताच गृहीत धरा. चिमणी सरळ आणि शक्य तितकी उंच घ्या. वर वाऱ्याची टोपी हवी, नाहीतर डोंगरावरून कोसळणारा वारा धूर उलटा आत ढकलतो.

ज्योत बघायची सवय लावा. स्वच्छ, स्थिर ज्योत म्हणजे हवा पुरते आहे. नारिंगी, लवलवती, टोकाला काजळी सोडणारी ज्योत म्हणजे हवा कमी पडते आहे किंवा चिमणी तुंबली आहे. आणि एक नियम कधीही मोडू नका: विझलेली शेगडी गरम असताना पुन्हा पेटवायची नाही. गरम भांड्यात डिझेल पडत राहिलेलं असतं, त्याची वाफ भरलेली असते आणि काडी लावताच भडका उडतो. डिझेलचा नळ बंद करा, भांडं पूर्ण थंड होऊ द्या, आतलं डिझेल कापडाने टिपा, मगच पेटवा. थंडीत हा तासभर नकोसा वाटतो, आणि दुसरी सोय हवी ती याचसाठी.

गरम हवेच्या हीटरला सुरू होताना १२ व्होल्टवर १० ॲम्पिअरपर्यंत लागतात. तारा लांब आणि बारीक असतील तर व्होल्टेज पडतं आणि तो सुरूच होत नाही. दोष हीटरचा समजून लोक तो सोडवून नेतात. तो सतत मंद चालवला तर आत काजळी धरते, म्हणून दिवसातून अर्धा तास पूर्ण जोरात चालवा.

चिमणी नसलेला रॉकेलचा किंवा गॅसचा हीटर बोटीत आणूच नका. एक लिटर इंधन जळालं की जवळपास एक लिटर पाणी हवेत येतं, आणि कार्बन मोनॉक्साइडचा धोका आहेच. कार्बन मोनॉक्साइडचे दोन अलार्म हवेत, एक झोपायच्या जागी आणि एक शेगडीच्या खोलीत. पाकिटावर ईएन ५०२९१-२ हा बोटींसाठीचा क्रमांक पाहून घ्या. डोकं दुखणं, मळमळ, विनाकारण गुंगी यांतलं काहीही जाणवलं तर आधी बाहेर पडा, कारण नंतर शोधा. शेगडीला हवा देणारं भोक बर्फाने बुजलं का हे रोज बघायचं. स्वयंपाकघरातला हवा बाहेर फेकणारा पंखा, झडपा बंद असताना लावला, तर तोच चिमणीतला धूर आत ओढतो. हे फार थोड्यांच्या लक्षात येतं.

५. इंधन

उन्हाळ्यात भरलेलं डिझेल थंडीत मेणासारखं घट्ट होतं आणि फिल्टर तुंबतो. सप्टेंबरातच ते जाळून संपवा आणि ऑक्टोबरात हिवाळी डिझेलने टाकी भरा. युरोपीय मानकात आर्क्टिक डिझेलचे ० ते ४ असे वर्ग आहेत, आणि ते अनुक्रमे उणे २० ते उणे ४४ अंशांपर्यंत फिल्टरमधून जातात. टाकी शक्य तितकी भरलेली ठेवा. रिकाम्या भागात दमट हवा असते, तिचं पाणी तळाशी बसतं आणि फिल्टरच्या वाटीत गोठतं. ती वाटी आठवड्यातून एकदा रिकामी करायची.

गॅसचं गणित आपल्याकडच्यापेक्षा वेगळं आहे. आपल्या घरगुती सिलिंडरमध्ये ब्युटेन आणि प्रोपेन यांचं मिश्रण असतं. ब्युटेन उणे अर्ध्या अंशाखाली वायू होत नाही. प्रोपेन उणे ४२ पर्यंत होतो. नॉर्वेत प्रोपेन सहज मिळतो, तोच घ्या. दक्षिणेकडून बोटीबरोबर आलेले निळे ब्युटेनचे डबे इथे शेगडीपर्यंत वायू पोचवणार नाहीत.

६. वीज

धक्क्यावर २३० व्होल्ट, १६ ॲम्पिअर मिळतात, म्हणजे कमाल ३,६८० वॉट. दोन किलोवॉटचा हीटर चालू असताना दोन किलोवॉटची किटली लावली की ब्रेकर पडणार, आणि तो असतो जेट्टीवरच्या पेटीत, बर्फात. सतत चालणारा भार १० ॲम्पिअरच्या आत ठेवा.

हिवाळ्यात बोटींना आग लागते ती बहुतेक वेळा विजेमुळे किंवा हीटरमुळे. प्लगच्या पितळी टोकांवर मीठ आणि ओल बसते, जोड सैल होतो आणि तिथे उष्णता तयार होते. पहिल्या आठवड्यात रोज रात्री, सगळा भार चालू असताना, प्लगवर हात ठेवा. कोमट लागला तर उद्या बघू म्हणू नका. प्लास्टिक तपकिरी झालं असेल तर प्लग आणि सॉकेट दोन्ही बदला. केबल रबरी हवी, एच०७आरएन-एफ प्रकारची, ३ तारा २.५ चौरस मिलिमीटरच्या. पीव्हीसीची केबल थंडीत काठीसारखी कडक होते आणि वाकवली की तिला चिरा पडतात. केबल दोन्ही टोकांना बांधा, पाण्यात लोंबू देऊ नका.

नॉर्वेतला एक खास सापळा: इथे अनेक ठिकाणी न्यूट्रल तारच नसते. दोन्ही तारांत वीज असते. तुमच्या बोटीतला ब्रेकर एकच तार तोडणारा असेल, तर तो बंद केल्यावरही दुसरी तार जिवंत राहते. दोन्ही तारा तोडणारा ब्रेकर आणि गळती पकडणारा आरसीडी बसवून घ्या.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज केली तर कायमची खराब होते. ती केबिनच्या उबेत ठेवा आणि तापमान पाहून चार्जिंग बंद करणारी बीएमएस (बॅटरीवर देखरेख करणारी यंत्रणा) घ्या. शिशाची बॅटरी पूर्ण चार्ज असेल तर गोठत नाही, उतरलेली असेल तर उणे १० च्या आसपास गोठून फुटते. सोलर पॅनल नोव्हेंबर ते जानेवारी विसरून जा.

७. पाणी, संडास, इंजिन

जेट्टीवरचे नळ थंडीत बहुधा बंद करतात. २० लिटरचे चार कॅन आणि एक घसरगाडी घ्या. माणशी दिवसाला १० लिटर काटकसरीने पुरतात. पाण्याची टाकी पाण्याच्या रेषेखाली असेल तर ती गोठत नाही, कारण भोवतीचा समुद्रच तिला शून्याच्या वर ठेवतो. गोठतात त्या बाजूच्या भिंतीलगतच्या नळ्या. त्यांच्यावर फोमच्या नळ्या चढवा आणि रात्री सिंकखालची दारं उघडी ठेवा. भरायची रबरी नळी वापर झाल्या झाल्या झटकून आत आणा. पाणी राहिलेली नळी तासाभरात लोखंडी सळई होते.

नॉर्वेत किनाऱ्यापासून ३०० मीटरच्या आत संडासाचं पाणी समुद्रात सोडायला मनाई आहे. हिवाळ्यात सोपा मार्ग म्हणजे बंदरातला संडास आणि बोटीवर कोरडा, लघवी वेगळी करणारा. समुद्राच्या पाण्यावरचा संडास बंद करताना त्यात प्रॉपिलीन ग्लायकॉल ओढून घ्या. एथिलीन ग्लायकॉल विषारी आहे, ते इथे वापरू नका. बॉल व्हॉल्वच्या गोळ्यातही घोटभर पाणी अडकतं आणि तेवढ्यानेही पितळ फुटतं, म्हणून व्हॉल्व बंद करण्याआधी ग्लायकॉल तिथपर्यंत पोचलं पाहिजे.

इंजिन तयार ठेवायचं की बंद करायचं? तयार ठेवा. शेजारच्या बोटीला आग लागली किंवा दोर तुटले तर दहा मिनिटांत हलावं लागतं. इंजिनखान्यात ६० ते १२० वॉटचा थर्मोस्टॅटचा नळीहीटर ठेवा आणि तिथलं तापमान ५ अंशांखाली जाऊ देऊ नका. शीतक अर्धं पाणी, अर्धं ग्लायकॉल. वीज जाऊन इंजिनखाना गोठायला लागला तर आधी समुद्रपाण्याच्या गाळणीची काचवाटी रिकामी करा, कारण पहिल्यांदा फुटते तीच, आणि ती फुटली की बोटीत पाणी शिरतं.

८. दोर, वारा, बर्फ

नॉर्वेजियन आणि बॅरेंट्स समुद्रात हिवाळ्यात पोलर लो नावाची छोटी, जोरकस वादळं काही तासांत तयार होतात. यर हे नॉर्वेचं हवामान संकेतस्थळ दिवसातून दोनदा बघा. सगळे दोर नायलॉनचे आणि दुहेरी हवेत, आणि घासतात तिथे पाइपचं आवरण. ओला दोर गोठला की क्लीटवरून (दोर गुंडाळायच्या खुंटीवरून) सुटत नाही. कोमट पाणी ओतू नका, तेही गोठतं. लाकडी हातोडीने हलकेच ठोका. भरती-ओहोटीचा फरक दोन-अडीच मीटरचा असतो, म्हणून तरंगती जेट्टीच निवडा.

बर्फ सुंदर दिसतो आणि जड असतो. दबलेल्या, ओलसर बर्फाचा घनमीटर ३०० किलो. १२ चौरस मीटरच्या डेकवर ३० सेंटिमीटर म्हणजे एक टनाहून जास्त. एवढ्याने बोट खाली बसते, एरवी पाण्यावर असलेली भोकं पाण्याखाली जातात आणि पाणी आत यायला लागतं. धक्क्याला बांधलेल्या बोटी हिवाळ्यात बुडतात त्या अशाच. दुसऱ्या पायरीतली यादी काढा आणि प्रत्येक हिमवर्षावानंतर ती भोकं बघा. प्लास्टिकचं फावडं आणि मऊ झाडू वापरा. लोखंडी फावडं डेक आणि खिडक्या खरवडतं.

कॉकपिटवर तंबू हवाच. बूट, बर्फाळ जाकीट, ओले हातमोजे तिथेच उतरले की निम्मी ओल बाहेर राहते. त्याचं छप्पर उतरतं ठेवा, सपाट छपरावर बर्फ साठून खांब मोडतात. झडपांच्या रबराला ग्लिसरीन किंवा सिलिकॉन लावा. पुढच्या टोकाची झडप रोज एकदा आतून उघडून बघा. आग लागली तर तीच दुसरी वाट आहे, आणि गोठून बसलेली झडप त्या वेळी उघडत नाही. अग्निशामक पावडरचे घ्या, फेसाचे गोठतात.

९. जेट्टीवरून घसरणं

सगळ्यात मोठा धोका भर वादळात नसतो. तो रात्री दहाला, हातात किराणा घेऊन, जेट्टी आणि बोट यांच्यामधल्या अर्ध्या मीटरमध्ये असतो. ४ अंशांच्या पाण्यात पहिलं मिनिट श्वास ताब्यात आणण्यात जातं, पुढची साधारण दहा मिनिटं हातपाय ऐकतात, मग ऐकत नाहीत. म्हणून जेट्टीवर पाऊल टाकताना लाइफजॅकेट अंगावर, बुटांना खिळ्यांचे पट्टे (इथे त्यांना ब्रोदेर म्हणतात), डोक्याला दिवा आणि खिशात जलरोधक पिशवीत फोन. बोटीला अशी शिडी लावा जी पाण्यातल्या माणसाला खालून ओढून उतरवता येईल, आणि ती गोठलेली नाही हे आठवड्याला तपासा. ओहोटीला किनाऱ्यावरून जेट्टीवर उतरणारा पूल उताराचा होतो, तिथे हात मोकळे हवेत.

नंबर चिकटवून ठेवा: समुद्रातली आणीबाणी १२०, आग ११०, पोलीस ११२, रुग्णवाहिका ११३. रेडिओवर चॅनल १६.

१०. अंधार आणि जेवण

२७ नोव्हेंबर ते १५ जानेवारी सूर्य क्षितिजावर येत नाही. दुपारी दोन-तीन तास निळसर संधिप्रकाश असतो, आणि त्या वेळेत रोज बाहेर पडायचं, काम असो वा नसो. सकाळी उठल्यावर १०,००० लक्सच्या दिव्यासमोर अर्धा तास बसा. ड जीवनसत्त्वासाठी नॉर्वेचे लोक कॉड माशाचं तेल घेतात, त्याला ते त्रान म्हणतात. शाकाहारी असाल तर दगडफुलासारख्या लायकेनपासून केलेलं ड-३ मिळतं. डोंगरांमुळे शहरात सूर्य दिसतो तो २१ जानेवारीच्या सुमारास, आणि त्या दिवशी बेकऱ्यांसमोर गोल गोड पावांसाठी रांगा लागतात.

स्वयंपाकात प्रेशर कुकर हे बोटीवरचं सर्वांत उपयोगी भांडं. उघड्या पातेल्यात डाळ तासभर शिजवली तर अर्धा लिटर पाणी सहज भिंतींवर जातं. कुकरमध्ये दोन-तीन शिट्ट्यांची वाफ निघते, आणि तीही झडपेखाली ठेवून बाहेर घालवता येते. धक्क्याची वीज असेल तर इंडक्शन वापरा. एक किलो प्रोपेन जळून दीड किलोहून जास्त पाणी तयार होतं. भाजणी, मेतकूट, पोहे, पापड, मसाले हे सगळं घट्ट झाकणाच्या डब्यांत. पिशवीत ठेवलेलं मीठ आठवड्यात पाझरतं आणि पापड वाकतात. खोबरेल तेल २४ अंशांखाली थिजतं, ती बाटली शेगडीच्या बाजूला ठेवली की झालं.

सामानाची शेवटची तपासणी (ऑक्टोबरअखेर): कार्बन मोनॉक्साइड अलार्म २, पावडरचे अग्निशामक २, आग विझवायचं ब्लँकेट, दोन आर्द्रतामापक, जादा नायलॉन दोर ४, डिझेल फिल्टर ४, पाण्याच्या पंपाचा इम्पेलर (आतलं रबरी पंखचाक) १, प्रॉपिलीन ग्लायकॉल १० लिटर, लाकडी हातोडी, प्लास्टिक फावडं, जादा प्लग आणि सॉकेट, डोक्याचे दिवे ३, लोकरीचे आतले कपडे माणशी तीन जोड.

एप्रिलमध्ये दिवस लांबतात, डेकवर ऊन पडतं आणि हिवाळा संपला असं वाटायला लागतं. त्याच वेळी डेकच्या फटींत गोठलेलं पाणी वितळून आत ठिबकतं. कुठून येतं आहे त्यावर टेप लावून खूण करा, दुरुस्ती जूनमध्ये करता येईल. तंबू मात्र उतरवू नका. ट्रॉम्सोत आजवर मोजलेला सर्वांत जाड बर्फ २४० सेंटिमीटरचा होता, आणि तो मोजला गेला २९ एप्रिल १९९७ रोजी.